पिल्लू विकलं म्हणजे सुटलो, असं नाही

पोपट पाळणाऱ्यांमध्ये एक भांडण ठरावीक अंतरानं पेटतं. निमित्त बहुधा एखाद्या जाहिरातीचं असतं: 'आफ्रिकन ग्रे, वय सहा वर्षं, बोलका, माणसाळलेला, मोठ्या पिंजऱ्यासकट. वेळ देता येत नसल्यामुळे चांगल्या घरी द्यायचा आहे.' तासाभरात दोन फळ्या समोरासमोर उभ्या राहतात. एक फळी म्हणते, सांभाळता येत नव्हता तर आणलात कशाला? आणि मुळात पिल्लं काढून विकणाऱ्यांचा धंदाच बंद करा, म्हणजे अशा जाहिराती दिसणार नाहीत. दुसरी फळी म्हणते, आम्ही उभा जन्म पक्षी वाढवण्यात घातला, आमच्यामुळे जंगलातले पोपट पकडणं कमी झालं. दोष असेल तर तो हौस फिटल्यावर हात झटकणाऱ्या मालकांचा. मग कोण किती दयाळू आणि कोण किती लबाड, यावर रात्र सरते. त्या सहा वर्षांच्या पक्ष्याला उद्यापासून कोण बघणार, हा प्रश्न कुणी विचारलेलाच नसतो.

मला दोन्ही फळ्यांचं म्हणणं अर्धवट वाटतं, कारण दोघीही घर बदलण्याला अपघात समजतात. मोठ्या पोपटाच्या आयुष्यात घर बदलणं ही ठरलेली गोष्ट आहे, आणि ठरलेल्या गोष्टीची तजवीज तो जीव जन्माला घालायचं ज्यानं ठरवलं त्यानं आधी करायची असते. म्हणून माझं म्हणणं असं: आपण विकलेला पक्षी केव्हाही आणि कुठल्याही अवस्थेत परत घ्यायची ज्या ब्रीडरची तयारी नाही, त्यानं पिल्लं काढू नयेत. आणि जो मालक वेळ न दवडता, खरं सांगून आपला पक्षी दुसऱ्या घरी देतो, त्याच्यावर तुटून पडणं बंद करावं. या दोन मागण्या एकमेकींशिवाय निरुपयोगी आहेत.

आधी वयाचा हिशेब करू. बजरीगर हा छोटा पोपट सात-आठ वर्षं जगतो, त्याच्याहून थोडा मोठा कॉकाटील पंधरा-वीस. पण आफ्रिकन ग्रे, ॲमेझॉन, काकाकुवा, मोठे मकाव या जातींचे पोपट नीट सांभाळले तर चाळीस-पन्नास वर्षं सहज काढतात. शिकागोजवळच्या ब्रुकफिल्ड प्राणिसंग्रहालयातला 'कुकी' हा काकाकुवा १९३४ साली, म्हणजे संग्रहालय उघडलं त्या वर्षी, वर्षभराचा असताना तिथे आला आणि २०१६ मध्ये ८३ वर्षांचा होऊन गेला. त्याला खाऊ घालणारे किती जण दरम्यान निवृत्त झाले असतील! संस्था टिकली म्हणून पक्षी टिकला. घराचं तसं नसतं. घरात तान्हं बाळ येतं, नोकरी दुसऱ्या देशात लागते, नवरा-बायको वेगळे होतात. ग्रे आणि काकाकुवा यांच्या पिसांतून सतत झडणारी बारीक भुकटी कुणाच्या तरी फुप्फुसांना सोसेनाशी होते. आणि यातलं काहीच झालं नाही तरी माणूस म्हातारा होतोच. चाळिशीत मकावचं पिल्लू घेणारा माणूस नव्वदीत त्याचा पिंजरा घासणार आहे का?

या वादातली नीतीची फूटपट्टी कुत्र्यांच्या जगातून उसनी आणलेली आहे. कुत्रा दहा-पंधरा वर्षं जगतो; बहुतेक मालक त्याला शेवटपर्यंत साथ देऊ शकतात, म्हणून अर्ध्यात सोडणं हा विश्वासघात मानला जातो, आणि ते बऱ्याच अंशी बरोबरही आहे. 'विकत घेऊ नका, दत्तक घ्या' ही घोषणाही तिथलीच. पण कुत्रा हजारो वर्षं माणसाच्या उंबऱ्याशी राहून घडलेला प्राणी आहे. पिंजऱ्यातला मकाव रानापासून एक-दोन, फार तर काही पिढ्या दूर असतो. त्याचं शरीर, त्याची झोप, त्याचा आवाज, त्याची विणीची ओढ सगळं अजून रानातलंच आहे. बजरीगर १८४० मध्ये ऑस्ट्रेलियातून इंग्लंडला पोचला आणि तेव्हापासून पिंजऱ्यात वाढतो आहे, त्यामुळे त्याला आणि कॉकाटीलला थोडं वेगळं धरायला माझी हरकत नाही. पुढचं बहुतेक सगळं मोठ्या आणि मध्यम आकाराच्या पोपटांबद्दल आहे.

हे पक्षी नुसते दीर्घायुषी असते तर प्रश्न कासवाइतकाच राहिला असता. ते विचारी आहेत, तिथे खरी पंचाईत आहे. पोपटांच्या बुद्धीचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकी शास्त्रज्ञ आयरीन पेपरबर्ग यांच्याकडचा 'ॲलेक्स' हा आफ्रिकन ग्रे पोपट रंग, आकार, संख्या यांची नावं घेऊन उत्तरं द्यायचा. दोन वस्तूंत फरक काहीच नसेल तर तसंही सांगायचा. व्हेनेझुएलातल्या छोट्या हिरव्या पोपटांवर झालेल्या आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं, की पिल्लू ज्या खास हाकेनं पुढे ओळखलं जातं ती हाक ते आईबापांकडून उचलतं. म्हणजे बारसं घरट्यातच होतं म्हणायचं. असा मेंदू रिकामा ठेवला की तो स्वतःवर उलटतो. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अनेक जातींच्या पाळीव पोपटांची तुलना केली, तेव्हा शरीराच्या मानानं ज्यांचा मेंदू मोठा त्या जातींत गज चावणं, उगाच येरझारा घालणं अशी चाळे करण्याची प्रवृत्ती जास्त आढळली. आणि रानात ज्यांना फोडून, सोलून, खटपट करून खावं लागतं त्या जाती पिंजऱ्यात पिसं उपटण्याकडे जास्त वळतात, असं दिसलं. म्हणजे वाटीत आयते सोललेले दाणे ठेवणं ही माया नव्हे, उपासमारीचाच एक प्रकार झाला. हुशार पक्षी हवा म्हणून जे ग्रे किंवा काकाकुवा निवडतात ते नेमकी सर्वांत अवघड जबाबदारी निवडत असतात, आणि विकणारा हे सांगत नाही.

आता पिल्लं कशी तयार होतात ते जवळून बघा. दोन-तीन आठवड्यांचं, अजून नीट पिसं न फुटलेलं पिल्लू घरट्याच्या पेटीतून उचलतात. दिवसातून चार-पाच वेळा, चाळीस अंशांच्या आसपास कोमट केलेली पातळ खळ सिरिंजनं त्याच्या घशात सोडतात. जरा जास्त गरम झाली तर गळ्यातली अन्नपिशवी आतून भाजते. थंड गेली तर अन्न तिथेच साचून आंबतं. जाणत्या हातांना हे जमतं. पण पिल्लू स्वतः खायला लागण्याआधी स्वस्तात मिळतं, म्हणून ते सिरिंजसकट नवख्याच्या हाती दिलं जातं आणि वर सांगितलं जातं, 'तुम्हीच भरवलंत की लळा जास्त लागेल.' तिकडे पेटी रिकामी झाल्यामुळे मादी पुन्हा अंडी घालते. वर्षात असं वारंवार झालं की तिच्या अंगातलं कॅल्शियम संपत जातं आणि एखादं अंडं अडकून ती मरते. पिल्लाच्या फोटोखाली तिचा उल्लेख नसतो.

हाताला सवकलेलं पिल्लू पहिली दोनचार वर्षं खरोखरच गोड असतं. मग ते वयात येतं. ज्याला स्वतःच्या जातीचा सहवास कधी मिळाला नाही, तो माणसालाच जोडीदार धरतो. एकाच्या खांद्यावरून उतरत नाही, बाकीच्यांना चावतो, जोडीदार खोलीबाहेर गेला की किंचाळत राहतो. ज्या गुणासाठी पैसे मोजले तोच गुण आता शेजाऱ्यांच्या तक्रारी घेऊन दारात उभा असतो. वरच्या जाहिरातीतलं 'वय सहा वर्षं' हा योगायोग नव्हे. मालकाचा दोष आहेच, पण माल असा तयार कुणी केला?

यावर ब्रीडर म्हणतील, हातानं वाढवलं नाही तर पक्षी रानटी राहील, आणि रानटी पक्षी लोक आणखी लवकर टाकतील. मुद्दा बिनतोड वाटतो, पण खरा नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी १९९० च्या दशकात ॲमेझॉन पोपटांची पिल्लं आईबापांकडेच ठेवली आणि घरट्यात असतानाच रोज थोडा वेळ हाताळली. ती माणसाळली, आणि आईबापांनी भरवलेलीही राहिली. मेहनत जास्त, पेटीत हात घातल्यावर बोटाचा लचका जायची भीती जास्त, आणि मादी लगेच दुसरी अंडी घालत नाही म्हणून वर्षाची पिल्लंही कमी. अडचण आहे ती एवढीच. नेदरलँड्सनं २०१४ पासून पोपटांची पिल्लं ठरावीक वयाआधी आईबापांपासून तोडायला मनाई केली. स्वित्झर्लंडच्या नियमांत पोपटाला एकटं ठेवायला बंदी आहे. तिथले पक्षीपालक देशोधडीला लागलेले नाहीत.

ब्रीडरांच्या बाजूनं सर्वांत जोरकस मुद्दा संवर्धनाचा आहे, आणि त्याला उडवून लावणारे अभ्यास न करता बोलतात. स्पिक्स मकाव हा ब्राझीलचा निळा मकाव. रानातला शेवटचा नर २००० साली दिसेनासा झाला. त्यानंतर ही जात पृथ्वीवर राहिली ती केवळ पिंजऱ्यांत, त्यातही बऱ्याच अंशी खासगी संग्राहकांच्या. २०२२ मध्ये बाहिया राज्यातल्या कोरड्या रानात त्यांचे वंशज पुन्हा सोडले गेले. पक्षी पाळणारे नसते तर सोडायला काय उरलं असतं? हे मान्य करायलाच हवं. पण त्याच गोष्टीची दुसरी बाजू ही, की रान रिकामं होण्यात संग्राहकांनी पकडून नेलेल्या पक्ष्यांचाही मोठा वाटा होता. आणि जात वाचली ती पिंजऱ्यामुळे नव्हे, वंशावळीच्या वहीमुळे: कुठला नर कुठल्या मादीचा, कुणाची जोडी कुणाशी लावायची, हे सगळ्यांनी मिळून ठरवल्यामुळे. ती वही नसली की काय होतं याचंही उदाहरण आहे. उत्तर अमेरिकेचा कॅरोलिना पोपट पिंजऱ्यात सहज वीण घालायचा, असं तेव्हाच्या पाळणाऱ्यांनीच लिहून ठेवलं आहे. तरी कुणी मिळून काही केलं नाही, आणि शेवटचा ज्ञात पक्षी, 'इन्कास', १९१८ मध्ये सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेला.

निळा, पिवळा, पांढरा असे नवनवे रंग मिळावेत म्हणून नात्यातल्या नात्यात जोड्या लावणाऱ्यानं, किंवा दोन जातींच्या मकावांचा संकर करणाऱ्यानं, स्वतःला या संवर्धनाच्या पंगतीत बसवू नये. त्याची पिल्लं रानात सोडण्याच्या कामाची नसतात. सोडून बघितलं तेव्हा काय झालं, तेही ठाऊक आहे: १९८६ पासून ॲरिझोनात जाड चोचीचे पोपट सोडले गेले. त्यांतल्या बंदिवासात वाढलेल्या पक्ष्यांना ना थव्याबरोबर राहता येत होतं, ना ससाणा ओळखता येत होता. प्रयोग गुंडाळावा लागला. 'जमलं नाही तर सोडून देऊ आकाशात' म्हणणाऱ्या भाबड्या मालकांनीही हे वाचावं. आणि जे पक्षी तग धरतात ते परक्या मुलखात थवे करून स्थानिक पक्ष्यांच्या ढोल्या बळकावतात, ते वेगळंच.

आता पिंजऱ्यात पिल्लं काढल्यामुळे जंगलातली पकड थांबली, हा दावा. थोडा खरा आहे. पण त्या घसरणीत कायद्याचा हात किती होता तेही बघा. अमेरिकेनं १९९२ मध्ये रानटी पक्ष्यांच्या आयातीवर कडक निर्बंध आणले. मध्य आणि दक्षिण अमेरिकेतल्या पोपटांच्या घरट्यांचे अनेक अभ्यास एकत्र करून २००१ मध्ये जो शोधनिबंध आला, त्यात सरासरी तीस टक्के घरट्यांतली पिल्लं चोरीला जात असल्याचं दिसलं, आणि १९९२ नंतर हे प्रमाण उतरल्याचंही. म्हणजे आधी दार बंद झालं, मग बाजार पिंजऱ्यातल्या पिल्लांकडे वळला. युरोपीय संघानं २००५ मध्ये बर्ड फ्लूच्या भीतीनं आयात थांबवली आणि २००७ मध्ये ती बंदी कायम केली. आफ्रिकन ग्रे तर घरोघर पिल्लं देत असूनही आफ्रिकेतल्या जंगलांत इतका खालावला, की २०१६ मध्ये सायटिस या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार त्याला पहिल्या परिशिष्टात टाकून रानटी पक्ष्यांचा व्यापारी सौदा बंद करावा लागला. कायदेशीर बाजार असला की चोरीचा माल त्यात 'आमच्याकडेच जन्मलेला' म्हणून सहज मिसळतो. शंभर वर्षांपूर्वी टोप्यांवरच्या पिसांचे व्यापारीही हेच सांगत: बगळ्यांची पिसं आम्ही मारून आणत नाही हो, गळालेली वेचून आणतो. काही पिसं खरंच वेचलेली असतील. पण वेचलेलं कुठलं आणि मारून आणलेलं कुठलं हे गिऱ्हाइकाला कळायची सोय नव्हती. ब्रिटनला शेवटी १९२१ मध्ये पिसांच्या आयातीवर बंदी घालावी लागली, आणि फॅशन काही त्यामुळे मेली नाही.

म्हणजे मी पैदाशीवर बंदी मागतोय का? नाही. बंदी आली की जाणते ब्रीडर थांबतील आणि अंधाऱ्या खोलीत पेट्या रचणारे चालू राहतील, हा आक्षेप मला पटतो. शिवाय दत्तकवाद्यांच्याही, म्हणजे पिल्लू विकत न घेता टाकलेला पक्षीच घ्या म्हणणाऱ्यांच्याही, काही गोष्टी खटकतात. 'आश्रयगृहं भरली आहेत, तोवर एकही पिल्लू नको' हे ऐकायला न्याय्य आहे. पण पिसं उपटणारा, एकाच माणसावर जीव लावून बसलेला वीस वर्षांचा काकाकुवा पहिल्यांदाच पोपट पाळणाऱ्याला द्यायचा, आणि चार महिन्यांत तो परत आला की त्या माणसाला नावं ठेवायची, यात पक्ष्याचं भलं कुठे आहे? आणि पक्षी द्यायला आलेल्याला दारातच आरोपीसारखं उभं केलं, की पुढचा माणूस दाराशी येतच नाही. तो पक्ष्याला मागच्या खोलीत ठेवतो. पिंजऱ्यावर चादर टाकतो. दोन वर्षांनी, पक्षी पुरता बिघडल्यावर, रात्री 'फुकट देणे आहे' असं टाकतो. लाज दाखवून आपण पक्षी वाचवत नाही, फक्त त्याची जाहिरात दोन वर्षं पुढे ढकलतो.

'फुकट' या शब्दाला कोण धावून येतं ते अनुभवी लोक जाणतात: विणीसाठी मोठा झालेला नर किंवा मादी आयती मिळवणारे, आणि आधीच चाळीस पक्षी कोंबून बसलेले दयाळू लोक. नीट घर बदलणं हे कष्टाचं काम आहे. नव्या घरातल्या इतर पक्ष्यांपासून महिना-दीड महिना वेगळं ठेवायचं. चोच-पिसांचा विषाणू, बोर्नाव्हायरस, आणि माणसालाही होणारा पोपटज्वर यांच्या तपासण्या आधी करून घ्यायच्या. (पोपटज्वराची साथ १९२९-३० मध्ये पिंजऱ्यातल्या पक्ष्यांबरोबरच देशोदेशी पसरली होती, हौसेच्या बाजारानं माणसांचाही जीव घेतलेला आहे.) नव्या माणसानं तीन-चारदा येऊन पक्ष्यासमोर नुसतं बसायचं. पिंजरा तोच ठेवायचा, त्यातल्या दांड्यांसकट. जोडी असेल तर तोडायची नाही. पहिले काही आठवडे रोज सकाळी ग्रॅमच्या काट्यावर वजन, कारण पोपट आजार लपवतो पण वजन लपवू शकत नाही. आणि सर्वांत अवघड म्हणजे खरं सांगायचं: हा दाढीवाल्यांना चावतो, फोन वाजला की ओरडतो, संध्याकाळी दिवा घालवला नाही तर पिसं ओढतो. असा कागद हातात घेऊन येणारा मालक माझ्या मते पक्षी कधीच न देणाऱ्या पण त्याला अडगळीत ठेवणाऱ्या मालकापेक्षा कितीतरी जबाबदार आहे.

हे सगळं त्या एकट्या मालकानं करावं, अशी अपेक्षा धरता येत नाही, आणि इथेच ब्रीडरकडे परत जावं लागतं. पिल्लाचे आईबाप कोण, त्याला काय आजार होऊन गेले, ते कधी भरवून घेणं सोडून स्वतः खायला लागलं, हे ब्रीडरलाच ठाऊक असतं. वेगळं ठेवायची जागा त्याच्याकडे असते, डॉक्टर त्याच्या ओळखीचा असतो, अनुभवी गिऱ्हाइकांची यादी त्याच्याच वहीत असते. नफा झाला तोही त्यालाच. मग पक्षी परत घेण्याचा करार विक्रीच्या कागदावर का नको? पिल्लाच्या पायात चढवलेल्या बंद कडीवर नंबर असतो. त्या नंबरासमोर विकणाऱ्याचं नाव कायमचं लिहिलेलं राहिलं तर बिघडलं कुठे? वर्षाला तीस पिल्लं काढणारा आणि परत आलेल्यांसाठी दोनच रिकामे पिंजरे ठेवणारा माणूस कुणाच्या तरी खोलीवर आपला बोजा टाकतो आहे.

याला एक सडेतोड उत्तर मिळतं: ब्रीडर काय अमर आहे? साठीतल्या माणसानं पन्नास वर्षांचं वचन देणं ही फसवणूकच. बरोबर. म्हणूनच हे वचन एकट्यादुकट्याचं असून चालत नाही. ब्रीडरांच्या संघटनांनी ते मिळून द्यायला हवं. दर पिल्लामागे ठरावीक रक्कम सामायिक निधीत, कड्यांची सामायिक नोंदवही, आणि एखादा ब्रीडर गेला किंवा थकला तर त्याचे परत येणारे पक्षी बाकीच्यांनी वाटून घ्यायचे. प्रदर्शनं भरवायला, पदकं वाटायला, नव्या रंगांची नावं ठरवायला या संघटना एकत्र येऊ शकतात, तर यासाठी का नाही? आणि मालकांनीही मृत्युपत्रात घराबरोबर पक्ष्याचंही नाव लिहावं, ज्याला द्यायचा त्याला आधी विचारून.

पिल्लू महाग होईल, ही शेवटची तक्रार. होईल. आज ते स्वस्त आहे कारण त्याच्या पुढच्या चाळीस वर्षांचा खर्च किमतीत धरलेलाच नाही. तो नंतर आश्रयगृहं भरतात, पुढचे मालक भरतात, आणि पक्षी स्वतःच्या पिसांनी भरतो. महाग झालं की कमी लोक घेतील, आणि वाढदिवसाला भेट म्हणून कुणी सहज उचलणार नाही. कमी विकली गेली की कमी काढली जातील. काही ब्रीडर म्हणतील, या हिशेबात आमचं भागणार नाही. त्यांनी दुसरं काम बघावं.